वाजवून पाहिलेलं पातं

बाजारात माठ घेताना आई बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत जागेवर ठेवायचा. टर्बाइनच्या पात्यांवर इतकी वर्षं काम करतोय, पण माझी सुरुवात अजूनही तिथूनच होते. पातं दोऱ्याला टांगायचं, छोट्या हातोडीने टिचकी मारायची आणि ऐकायचं. सेन्सर आणि संगणक नंतर येतात.

टांगलेलं पातं एका सुरात बोलतं, डिस्कच्या खाचेत बसवलं की दुसऱ्याच. मुळाशी घट्ट बसलं असेल तर स्वच्छ आणि लांब वाजतं. सैल असेल किंवा तडा असेल तर सूर उतरतो आणि लवकर विझतो. मला मिळालेली बहुतेक उत्तरं पात्यात नव्हती, ते जिथे बसतं त्या जागी होती.

मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्यात ऐन गाळप हंगामात को-जनरेशनचं टर्बाइन ट्रिप झालं. व्हायब्रेशन एकदम वाढलं होतं. वरचं केसिंग उचललं तेव्हा शेवटच्या रांगेतलं वीतभर लांबीचं एक पातं मुळापासून तुटलेलं दिसलं. तो तुकडा मी छत्रपती संभाजीनगरला आणला, स्वच्छ केला आणि भिंगाखाली धरला.

तुटलेल्या भागाच्या एका कोपऱ्यातून कमानीसारख्या रेघा निघाल्या होत्या, एकीपुढे एक. उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी ओसरतं तेव्हा नाथसागराच्या काठच्या गाळावर अशाच रेघा राहतात. पाणी जिथे जिथे थबकलं, तिथे तिथे एक. धातूच्या थकव्याचा, म्हणजे फटिगचा, तडाही असाच सरकतो. मशीन थांबलं की थांबतो, पुन्हा चाललं की पुढची मजल मारतो. सगळ्यात शेवटी पृष्ठभाग खडबडीत होता. धातूला भार पेलेना आणि उरलेलं पातं एका झटक्यात गेलं, ती ही जागा. हा तुकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. धातू इतकं स्पष्ट लिहून ठेवतो, आणि वाचायला आपण तो तुटल्यावर जातो, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

मग लॉगबुक मागवलं. ऊस वेळेवर न आल्याने कारखाना वारंवार उभा राहिला होता. 'नो केन', 'नो केन' अशा नोंदी पानोपानी. रेघा आणि नोंदी एकास एक जुळल्या असं म्हणणार नाही, बारीक रेघा घासल्या गेल्या होत्या. पण नुसत्या बंद-चालूने इतक्या लवकर पातं तुटायला नको होतं. म्हणून टर्बाइन चालवणाऱ्या मामांनाच विचारलं, "मामा, मशीन चढवताना कुठे थांबता?"

"छप्पन्नशेला, सर. तिथं गव्हर्नर धरतो. मग बॉयलरचा दाब येईस्तोवर उभं ठेवायचं. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास."

त्या रांगेतली उरलेली पाती मी वाजवून पाहिली होती. बहुतेकांचा सूर 460 हर्ट्झच्या आसपास. दोघांचा उतरलेला, आणि लाल डाय मारून पुसल्यावर त्या दोघांच्या मुळाशी केसासारखी लाल रेघ उमटली. फिरताना पातं बाहेर ओढलं जातं, ताठ होतं, सूर थोडा चढतो. मिनिटाला 5,600 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 93 च्या वर. त्याची पाचपट 467. फेरीत पाच धक्के बसले की पात्याच्या स्वतःच्या सुराशी नेमके जुळतात, आणि मामा भाबडेपणाने तिथेच अर्धा तास उभे! झोका मागे आला की त्याच क्षणी पुन्हा ढकलावा, तसं. वेग आणि सूर यांच्या रेघा कुठे छेदतात हे एका कागदावर मांडायची रीत विल्फ्रेड कॅम्पबेलने 1924 साली दिली. त्या आराखड्याशिवाय मी कुठल्याही रोटरला हात लावत नाही.

पण हे पाच धक्के येतात कुठून, हे माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर पटत नाही. त्यांना मी संभाजीनगरातल्याच मेहमूद दरवाजाजवळच्या पाणचक्कीवर नेतो. अठराव्या शतकातली ही चक्की डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर तिथल्या दर्ग्यातल्या लोकांसाठी पीठ दळायची. चक्रावर पाणी एका ठरावीक जागी पडतं. म्हणजे प्रत्येक पात्याला फेरीत एकदा धक्का, मधल्या वेळात काहीच नाही. टर्बाइनमध्ये वाफ सगळीकडून येते खरी, पण दाब वर्तुळभर सारखा नसतो. जिथे जिथे तो वरखाली होतो, तिथून जाताना पातं दचकतं. पाणचक्कीचा वेग मात्र इतका संथ, की मुलं बोटाने धक्के मोजू शकतात. केसिंगच्या आत ते कधीच दिसत नाही, म्हणून मला ही जागा प्रयोगशाळेइतकीच जवळची आहे.

कारखान्याला सांगितलं की अख्खी रांग बदला, आणि थांबायचंच तर 6,200 ला थांबा. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मी पॅनेलसमोर मामांशेजारी उभा होतो. आकडा चोपन्नशेला आला, पंचावन्नशे, छप्पन्नशे. मामा न थांबता वेग चढवत राहिले. "गेलं, सर," ते म्हणाले, आणि मगच त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.