परतीच्या ओढ्याचा हिशेब

पावसाळा परतत असताना, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, खिरेश्वराहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड चढून त्याच वाटेने संध्याकाळी परतण्याचा बेत पुण्या-मुंबईचे अनेक ट्रेकर करतात, आणि तो आखताना बहुतेकांचे लक्ष गडावरच्या कोकणकड्यावर किती वाजता पोहोचायचे याकडे असते. वस्तुतः आखणी कड्यापासून नव्हे, खिंडीखालच्या रानातल्या ओढ्यांपासून सुरू व्हायला हवी. ते उजेडात आणि पाणी चढण्याआधी ओलांडता येतील अशी वेळ धरून, तिथून मागे मोजत मोजत माथा सोडण्याची वेळ ठरवावी लागते. माथ्यावर पोहोचण्याची वेळ हा या हिशेबातला सर्वांत गौण आकडा होय.

याचे कारण या ऋतूच्या स्वभावात आहे. जुलै-ऑगस्टचा पाऊस अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीच्या कड्यांना अडून वर चढल्याने, आणि वर चढताना थंड झाल्याने पडतो; तो जोरकस असला तरी सकाळी जसा असतो तसाच बहुधा दुपारीही असतो, आणि भिजायचे आहे हे धरूनच माणूस घरून निघतो. परतीचा पाऊस मात्र उन्हावर पोसला जातो. सकाळी आकाश निरभ्र असते, कातळ तापतो, दुपारी ढग उंच वाढू लागतात आणि उन्हे कलण्याच्या सुमारास गडगडाटासह सर कोसळते. म्हणजे चढताना हवा साथ देते आणि पाय थकलेले असताना, नेमकी उतरणीवर, फिरते. त्यातही हे ढग या दिवसांत पुष्कळदा पूर्वेकडून येतात आणि कोकणकडा तर पश्चिमेला तोंड करून उभा आहे. कड्याच्या काठावर बसून खालचे स्वच्छ कोकण पाहणाऱ्याच्या पाठीमागे वादळ उभे राहत असते, आणि तो समोरच्या आकाशावरून हवेची ग्वाही देत असतो. दर थोड्या वेळाने मागे वळून पाहणे, एवढे एकच कौशल्य येथे शिकण्यासारखे आहे असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरतात: दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हा ठोकताळा सुदृढ माणसाच्या सलग चालीचा आहे. विश्रांती, दाट धुके आणि निसरडा कातळ त्याच्या हिशेबात धरलेले नाहीत. सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा, म्हणजे बेसाल्ट या काळ्या खडकाचा बनला असल्याने त्याचा उतार सलग नसतो. सपाट पट्टी, मग उभा कातळ, पुन्हा पट्टी, असा तो उतरत जातो. टोलार खिंडीच्या वरचा, लोखंडी कठडे लावलेला टप्पा हा असाच एक उभा थर आहे. कोरड्या सकाळी तो सहज चढता येतो. सरीनंतर शेवाळ ओले झाले की तिथे एकामागून एक असेच उतरावे लागते, आणि मग गटाचा वेग म्हणजे सर्वांत घाबरलेल्या माणसाचा वेग ठरतो. त्यावर कुरकुर करणाऱ्यांनी एकट्यानेच जावे, असे सांगावेसे वाटते. पण तो सल्लाही धोक्याचाच.

याच कठड्यांबाबत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पावसात आधार देणारे ते लोखंड विजांच्या वेळी टाळण्याची वस्तू होते. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वादळाचे अंतर कळते. हे अंतर दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे तीस सेकंदांच्या आत आले की उघडी धार आणि एकटे झाड सोडावे, कठड्याच्या वाटेला जाऊ नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. उथळ कपारीच्या तोंडाशी अंग चोरून बसणे हा मात्र आसरा नव्हे, कारण खडकावरून उतरणारा विद्युतप्रवाह तसल्या पोकळीतून उडी घेऊ शकतो.

थांबण्यात गेलेल्या या अर्ध्या तासाची किंमत पुढे ओढ्यावर मोजावी लागते. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कठीण कातळ असल्याने पाणी मुरत नाही, धावते. सकाळी दगडांवर पाय ठेवत ओलांडलेला ओढा सरीनंतर थोड्याच वेळात गुडघ्यापर्यंत येतो. पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहून आणू लागले की ते अजून चढणार आहे असे समजावे. गुडघ्याएवढे वेगवान पाणी पाय उचलू शकते, आणि दोर असला तरी तो वापरता येणारा माणूस गटात असतोच असे नाही.

अशा वेळी खरा पर्याय एकच, काठावर थांबणे. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान असल्याने पाऊस सरला की पाणी बहुधा काही तासांत उतरते. पण ते काही तास ओल्या सुती कपड्यांत, वाऱ्यात आणि अंधारात काढणे अंगावर येते. म्हणून एका दिवसाच्या ट्रेकलाही पिशवीत कपड्यांचा कोरडा जोड, विजेरी आणि एका जेवणाइतके जास्तीचे खाणे असावे, आणि घरी सांगताना परतण्याची वेळ पक्की सांगू नये.