पडदा शिवण्याआधी

"डॉक्टर, ऑपरेशन आजच करणार ना?" डायफ्राममध्ये, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात, जन्मजात भोक घेऊन आलेल्या बाळाच्या नातेवाइकांना 'आज नाही' हे उत्तर देणं मला टाक्यांपेक्षा अवघड जातं. आतडी छातीत शिरली आहेत, बाळ निळं पडतंय, आणि डॉक्टर म्हणतात थांबा! त्यांची तगमग मला समजते. शल्यचिकित्सकही कित्येक दशकं असाच विचार करत होते. बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी एक दिवसही पुरा न झालेल्या बाळावरची यशस्वी शस्त्रक्रिया १९४६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे अशा बाळांना अपरात्रीही तातडीने थिएटरमध्ये नेलं जाऊ लागलं. शिवण उत्तम बसायची. बाळं तरीही जायची.

कारण खरं दुखणं फुप्फुसात असतं. गर्भाच्या आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत मिटायची ती फट, बहुतेकदा डावीकडची, उघडीच राहते. जठर, आतडी, कधी यकृतही वर चढतं आणि फुप्फुसाला वाढायला जागा उरत नाही. त्यातल्या रक्तवाहिन्या जाड भिंतींच्या होतात, जरा काही झालं की आवळतात. फट शिवल्याने फुप्फुस त्या दुपारी मोठं होत नाही.

न्यूयॉर्कच्या डॉ. जेन-टिएन वुंग यांनी व्हेंटिलेटर हलक्या हाताने चालवायला शिकवलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त राहिला तरी चालेल, पण इवल्या फुप्फुसावर जबरदस्ती नको. नवजात शल्यचिकित्सेत याहून मायेचा विचार मला माहीत नाही. म्हणून आता जन्मताच श्वासनलिकेत नळी घालतात. मास्क लावून पिशवी दाबणं टाळतात, कारण ती हवा छातीतल्या जठरात आणि आतड्यांतच भरते. दुसरी नळी जठर रिकामं ठेवते. मग रक्तदाब, ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत वाट पाहायची, बऱ्याचदा काही दिवस. नंतर डाव्या बरगड्यांखाली छेद घेऊन आतडी अलगद खाली आणायची. प्लीहेला फार जपावं लागतं. फटीच्या कडा जुळल्या नाहीत तर गोअर-टेक्सचा कृत्रिम पॅच लावायचा.

फुप्फुस फारच खुरटलं असेल तर गर्भातच बाळाच्या श्वासनलिकेत फुगा ठेवतात. फुप्फुसात तयार होणारं पाणी आत अडतं आणि त्याला ताणून वाढवतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा तीव्र आजाराच्या बाळांपैकी घरी जाणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ४० वर गेलं. मोठीच झेप आहे, तरी उरलेल्या साठांचा विचार डोक्यातून जात नाही. आपल्याकडे तर पुष्कळदा निदानच जन्मानंतर होतं. सोनोग्राफीत हे वेळेवर दिसलं, तर जिथे नवजात अतिदक्षता विभाग (एनआयसीयू) आणि बालशल्यचिकित्सक दोन्ही आहेत तिथेच बाळंतपण करावं. आईच्या पोटात केलेला प्रवास अॅम्ब्युलन्समधल्या प्रवासापेक्षा बाळाला कितीतरी सुखाचा.

घरी गेलेल्या बाळांचीही काळजी संपत नाही. दूध उलटतं, वजन रेंगाळतं. मूल वाढतं तसा पॅच वाढत नाही, कधी त्याची कड सुटते आणि आतडी पुन्हा वर जातात. म्हणून निघताना आईला मी बजावतो: उलट्या वाढल्या किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच या.