वर्गातली नजर आणि आमच्या मुलांचे राजकारण

"आजची पोरं मोबाईलमध्ये बुडालीत, त्यांना चळवळीचं काही पडलेलं नाही." जयंती मंडळाच्या बैठकीत ही तक्रार हमखास ऐकू येते. आम्हाला ती मान्य नाही.

वस्तीतल्या विहारात आम्ही आठवी ते बारावीच्या मुलांची अभ्यासिका चालवतो. विहारात ही मुले आरक्षणावर तासभर वाद घालतात. शाळा-कॉलेजात मात्र तोच विषय निघाला की वहीत डोके खुपसतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून नाचलेला मुलगा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही फोटो टाकत नाही. का, असे विचारले तर म्हणतो, "ताई, मग सगळ्यांना कळतं ना."

काय कळते? जात कळते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी वर्गात मोठ्याने नावे वाचली जातात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "तुमचं बरं आहे बाबा." अकरावीची कटऑफ लागली की कालपर्यंत सोबत डबा खाणारा मित्र तुटक बोलू लागतो. यातून मूल एक हिशेब शिकते: बोललो तर 'जातीयवादी', गप्प बसलो तर 'चांगला मुलगा'. म्हणजे त्याचे मौन हा पूर्ण विचार करून घेतलेला राजकीय निर्णय असतो. त्याला उदासीनता म्हणणे ही आपली चूक आहे.

माणूस स्वतःला इतरांच्या नजरेच्या आरशात पाहतो, असे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा आरसा वर्गमित्रांच्या हातात असतो आणि आपल्या देशात त्या आरशालाही जात आहे. एखाद्याने गाडीवर आपल्या जातीचे नाव मिरवले तर तो 'अभिमान' ठरतो. आमच्या मुलाने 'जय भीम' म्हटले की लगेच 'वर्गात राजकारण नको'!

ही नजर बाबासाहेबांनीही सोसली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तेव्हा त्यांना वेगळे बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यापाशी बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गमित्रांनी गलका केला. त्याच बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. वसतिगृह म्हणजे राहण्याजेवणाची सोय, इतकाच अर्थ आम्ही घेत नाही. तिथे एकट्या मुलाला सोबती मिळतो आणि सोबती मिळाला की आवाज फुटतो.

आमचा अनुभवही तोच सांगतो. अभ्यासिकेतल्या एका मुलीला वर्गात "तुम्हाला सगळं फुकट" असे ऐकवले गेले. तिने उत्तर दिले, "२०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांनाही १० टक्के आरक्षण आहे. त्यांना कोणी टोमणा मारतं का?" हे मुद्दे तिला महिनाभर आधीपासून पाठ होते. त्या दिवशी ती उठली, कारण शेजारी बसलेली तिची ओबीसी मैत्रीण म्हणाली, "बोल, शिष्यवृत्ती मलाही मिळते."

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. गप्प मुलाला भेकड म्हणू नका. व्याख्यानांसोबत त्याच्या हाती नेमके मुद्दे द्या. विहाराचे दार त्याच्या ओबीसी, मुस्लिम, आदिवासी, मराठा वर्गमित्रांनाही उघडा आणि सगळ्यांना एकत्र बसवून संविधान वाचा. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगा, शिष्यवृत्तीची नावे वर्गात पुकारू नका.

अठराव्या वर्षी मुलाचे नाव मतदार यादीत येते. त्याआधी चार वर्षे जो आपले मत लपवायलाच शिकला, त्याच्याकडून आपण कोणत्या चळवळीची अपेक्षा धरणार आहोत?

जय भीम!