एकोणिसाव्या वर्षानंतरची वर्षे

हॉवर्ड विद्यापीठ. हार्वर्ड नव्हे! मी हे नाव घेतले की वर्गातले मित्र लगेच माझा उच्चार सुधारू लागतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, वॉशिंग्टन येथे ते स्थापन झाले. गुलामगिरीतून नुकतीच सुटलेली माणसे तेथे शिकू लागली. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांसारखीच, घरातली पहिली शिकणारी.

पुढे शंभर वर्षांनी या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात त्रिनिदाद, जमैका, नायजेरिया अशा देशांतली मुले खेळत होती. प्रशिक्षक लिंकन फिलिप्स हे स्वतः त्रिनिदादचे गोलरक्षक. १९७१ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना मियामीला झाला. समोर लागोपाठ दोन वर्षांचा विजेता संघ, सेंट लुई विद्यापीठाचा. हॉवर्डने त्याला ३-२ असे हरवले. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने स्पर्धेच्या या सर्वोच्च गटात मिळवलेले ते पहिले विजेतेपद.

ते टिकले नाही. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने चौकशी केली, काही खेळाडू अपात्र ठरवले आणि विजेतेपद काढून घेतले. कारणे सारी कागदातली. कोणी ठरावीक प्रवेशचाचणी दिलेली नव्हती, कोणाची पाच वर्षांची मुदत उलटली होती. त्यातला एक नियम मी तीनदा वाचला. परदेशी विद्यार्थी एकोणिसाव्या वाढदिवसानंतर आपल्या देशात जितकी वर्षे संघातून खेळला असेल, तितकी वर्षे त्याच्या महाविद्यालयीन खेळाच्या मुदतीतून वजा! अमेरिकन मुलाला मात्र हा हिशेब लागू नाही.

मी आज एकोणीस वर्षांचा आहे. मी वेळेवर कॉलेजात आलो, कारण माझा दादा आला नाही. बारावीनंतर तो गवंड्याच्या हाताखाली गेला. माझी फी त्या मजुरीतून निघाली. आता त्याला पुढे शिकायचे आहे. गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या चौकशीला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. खिडकीतून प्रश्न आला, "मधली चार वर्षे काय करत होतास?"

"काम," दादा म्हणाला.

"मग तसे प्रतिज्ञापत्र आण."

एवढेच. त्यात कोणी उर्मट बोलले नाही; पण परतीच्या एस.टी.त दादा एक शब्द बोलला नाही.

हॉवर्डने न्यायालयात दाद मागितली. एकोणिसाव्या वर्षाचा तो नियम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा निकाल १९७३ मध्ये लागला आणि १९७५ मध्ये अपिलातही तोच कायम झाला. बाकीचे नियम मात्र न्यायालयाने योग्य धरले, तेव्हा हॉवर्डचे सारेच कागद चोख होते असे मी म्हणणार नाही. विजेतेपद काही परत मिळाले नाही.

दरम्यान १९७४ चा हंगाम आला. अंतिम सामन्यात पुन्हा सेंट लुई, तोही त्यांच्याच शहरात, बुश स्टेडियमवर. बरोबरी काही केल्या सुटेना. जादा वेळ एकदा नव्हे, चार वेळा द्यावा लागला. अखेर केनेथ इलोडिग्वे याने गोल मारला आणि हॉवर्ड २-१ ने जिंकले. हंगामातले एकोणीसच्या एकोणीस सामने त्यांनी जिंकले होते.

या विजयाने सगळे भरून निघाले, असे लिहिणारे लिहितात. मला ते पटत नाही. १९७४ चा चषक १९७४ चा. १९७१ सालापुढे अधिकृत यादीत विजेत्याची जागा आजही रिकामी आहे.