कारंजाच्या काठी

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन मामांकडे मेहकरला गेलो होतो. हे मेहकर बुलढाण्यातलं नव्हे, बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातलं. इथं घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, दोन्ही सहज चालतं.

"पोरांना कारंजा डॅम दाखवून आणू की," मामी म्हणाली. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि भालकीमार्गे निघालो.

ब्यालहळ्ळीजवळ मांजरेची उपनदी कारंजा अडवून हे धरण बांधलं आहे. पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे नजर पोहोचेल तिथवर पाणी! मुलं तर "समुद्रच आहे हा!" म्हणून ओरडायला लागली. काठावर बरीच कुटुंबं डबे सोडून बसली होती. आम्हीही बसलो. पाण्यात मात्र कुणाला उतरू दिलं नाही. काठ उथळ दिसतो, पण पुढच्या खोलीचा अंदाज येत नाही.

धरणाची क्षमता साडेसात टीएमसीहून थोडी जास्त. बिदर, भालकी या शहरांची तहान त्यावर भागते, शेतीलाही पाणी मिळतं. "टीएमसी म्हणजे किती?" लेकीनं विचारलं. मी म्हटलं, "सुमारे २,८३० कोटी लिटर." तिला काही उमगलं नाही. मग लातूरची गोष्ट सांगितली. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. एक टीएमसीसाठी अशा अकरा हजारांहून जास्त खेपा लागतील! आता तिचे डोळे मोठे झाले.

मामी एवढा वेळ गप्प होती. मग पाण्याकडे बोट करून म्हणाली, "तिथं माझ्या माहेरचं शेत होतं. ज्वारी, तूर, करडई… सगळं यायचं. आता नुसतं पाणी." मोबदल्यासाठी तिच्या वडिलांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. "वाईट वाटतं का?" लेकीनं विचारलं. "वाटतं गं. पण इतक्या घरांत नळाला पाणी येतं, ते बघून बरंबी वाटतं."

संध्याकाळी घरी आल्यावर लेकीनं अर्धा पेला पाणी पिऊन उरलेलं मोरीत ओतायला घेतलं, आणि थबकली. अंगणात जाऊन तिनं ते तुळशीला घातलं. मामी दारातून बघत होती. काही बोलली नाही, नुसती हसली.