मामांची रायफल

सावंतवाडीला लोक लाकडी खेळणी घ्यायला जातात. 1962 च्या दसऱ्याला मी गेलो, तो मामांच्या आजोबांची रायफल झेंडूच्या माळेखाली पुजलेली! नळीवरचे आकडे गंजाने खाल्लेले. "ही थ्री-नॉट-थ्रीच," मी मुंबईकरी ऐटीत ठोकून दिले. मामेभावाने पेटीतले तसले काडतूस आणले. ते सळकन आत गेलेही.

"थांबा रे!" मामांनी बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावले. काडतूस काढून, नळीत चिंधी कोंबून त्याने काडतुसाच्या घरात वितळलेला गंधक ओतला. निवल्यावर गजाने ठसा ढकलला: बूड जाड, मान बाटलीसारखी आवळलेली. नळीचे तोंड सुमारे 11.4 मिलिमीटर, थ्री-नॉट-थ्रीचे 7.7! म्हणजे 1871 साली इंग्रजी फौजेने पत्करलेली, काळ्या दारूची मार्टिनी-हेन्री.

"पितळ फुटून आग तुझ्याच डोळ्यांत इली असती," म्हातारा मामेभावाला म्हणाला.

मी आपट्याची पाने घेऊन मुकाट सोने वाटायला निघालो.