कोणी सांगितले?

२०१० सालच्या प्रजासत्ताक दिनाची ही गोष्ट. त्या वेळी मी एका उर्दू शाळेत मराठी शिकवत होतो. ध्वजवंदन झाले. भाषणात मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "मुलांनो, युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले आहे!" मैदानभर टाळ्या वाजल्या. माझी छाती फुगली.

खाऊवाटप झाल्यावर आठवीतली एक मुलगी जवळ आली.

"सर, ही बातमी कुठे वाचलीत?"

"इंटरनेटवर."

"तिथे कोणी लिहिली आहे?"

मी निरुत्तर झालो. बातमी वाचली होती. लिहिणाऱ्याचे नाव मात्र पाहिलेच नव्हते.

आम्ही संगणक कक्षात गेलो. शोधताच तीच बातमी अनेक संकेतस्थळांवर दिसली. मी म्हणालो, "बघ बेटी, इतके लोक सांगतात, मग खोटे कसे असेल?"

तिने दोन पाने शेजारी शेजारी ठेवून पाहिली. "सर, शब्द न् शब्द सारखा आहे. चूकसुद्धा तीच!"

खरेच, एकाने लिहिले होते आणि बाकीच्यांनी उतरवले होते. दहा मुलांनी एकाच वहीतून उत्तर उतरवले, तर ते बरोबर ठरते का? कुठेही लेखकाचे नाव नव्हते, तारीख नव्हती. मग आम्ही युनेस्कोच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधले. तिथे अशी घोषणा नव्हती. शेवटी एक जुनी बातमी सापडली. आपण अशी कोणतीही घोषणा केलेली नाही, असे युनेस्कोने २००८ मध्येच स्पष्ट केले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गप्प बसलो असतो, तर कोणाला कळले असते? पण मुले घरोघरी सांगणार होती, "आमच्या सरांनी सांगितले." त्या अफवेला आता माझे नाव चिकटले होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी उभा राहिलो. पाय थरथरत होते. "काल मी सांगितलेली बातमी खोटी होती. मी ती पडताळून पाहिली नव्हती. मला माफ करा." कोणीही हसले नाही.

वर्गात एका मुलाने विचारले, "सर, मग आपले राष्ट्रगीत चांगले नाही का?"

मी म्हणालो, "आपली आई आपल्याला आवडते. त्यासाठी कोणाचे प्रमाणपत्र लागते का?"

मग फळ्यावर मी चार प्रश्न लिहिले. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? त्याला हे कसे कळले? न उतरवता, स्वतः शोधून दुसरे कोणी हेच सांगते का?

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण मी कितीतरी वर्षे शिकवत होतो. तिचा अर्थ मात्र मला त्या मुलीने शिकवला. त्यानंतर वर्गात मी काही नवे सांगितले, की कोणीतरी हात वर करून विचारीच, "सर, कोणी सांगितले?" आणि मला त्याचा राग येत नसे.